वडिलांचा फोटो आधी काढा: जीपवाल्या मराठी मित्रांना खुले पत्र

लेहाय, युटा
जुलै २०२५

मंडळी, सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या ट्रिपच्या ग्रुपवर एक पीडीएफ आली. युटाच्या दोन्ही सिनेटरांना आणि आपल्या भागातल्या खासदारांना लिहिलेलं पत्र. ‘युटातल्या सार्वजनिक जमिनींवर केंद्राने आणलेली सगळी नवी संरक्षणं रद्द करावीत आणि या जमिनी राज्याच्या ताब्यात द्याव्यात’ अशी मागणी. शेवटी ‘सर्व सभासदांच्या वतीने’. आणि सगळ्यात वर अर्ध्या पानाचा फोटो: पांढरी टोपी, माझं जुनं जॅकेट, हातात काठी, मागे ग्रीन रिव्हर. खाली ओळ, ‘या आजोबांची नदी हिरावून घेऊ नका.’

ते आजोबा म्हणजे माझे वडील. सध्या ते माण तालुक्यात आमच्या घरी आहेत, पाऊस कधी पडतो याची वाट बघत. त्यांना कुणी विचारलं नाही. मलाही नाही.

मी ग्रुपवर लिहिलं तर उत्तर आलं, ‘दादा, इथे फक्त ट्रिपचं बोलू या, राजकारण नको.’ सिनेटरला पत्र धाडणं हे राजकारण नाही आणि त्यावर दोन ओळी लिहिणं हे मात्र राजकारण, हा हिशेब मला जमला नाही. म्हणून उघड लिहितोय. तुमच्यापैकी कुणाचं नाव घेणार नाही. डेन्व्हर, फिनिक्स, बे एरिया, सगळीकडे आता आपली जीपवाली मराठी मंडळी झाली आहेत आणि त्यांच्याकडेही हीच पीडीएफ नुसतं नाव बदलून फिरते आहे. त्यांनीही सही करायच्या आधी हे वाचावं.

आधी माझी बाजू सांगतो, नाहीतर कुणीतरी म्हणणारच, ‘हा फितूर झाला.’ माझ्याकडे दोन दारांची निळी जीप आहे, तिला ३५ इंची टायर आहेत, पुढे विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) आहे आणि तिच्यावर मी किती डॉलर घातलेत हे घरात अजून पूर्ण सांगितलेलं नाही. हेल्स रिव्हेंजच्या खडकाळ वाटेवर गाडी नाकावर उभी राहिली की बायको डोळे मिटून रामरक्षा म्हणते, आणि खाली उतरल्यावर ‘परत एकदा?’ असं विचारते. उजव्या दारावर नदीकाठच्या टॅमरिस्कच्या झुडपांनी काढलेले लांब ओरखडे आहेत. रंगवायचे राहिलेत असं मी सांगतो. खरं तर ते मला गोंदणासारखे वाटतात. टायरची हवा पंधरावर आणून, लो रेंजमध्ये, पुढे उभं राहून चाकांची दिशा दाखवणाऱ्या स्पॉटरच्या हाताकडे बघत एकेक इंच खडक चढण्यात जी मजा आहे ती पायी फिरणाऱ्याला कळायची नाही. त्याची मला कळत नाही. फिट्टंफाट.

तर तो फोटो. ट्रिप ऑक्टोबर २०२२ ची, तुमच्यातले चौघे बरोबर होते. वडील तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. युटातल्या मोॲब गावाच्या उत्तरेला हायवे सोडला, माळरान ओलांडलं आणि स्प्रिंग कॅन्यनच्या कड्याच्या पोटातून कोरलेल्या वाटेने खाली उतरायला लागलो. डाव्या हाताला भिंत, उजव्या हाताला काही नाही. वडील उजवीकडे बसलेले. बराच वेळ खाली बघून म्हणाले, ‘आंबेनळीचा घाट बरा.’ मग नदीच्या काठाकाठाने, झुडपं दोन्ही बाजूंनी गाडीला खरवडत असताना, त्यांनी विचारलं आपण चाललोय कुठे. मी म्हटलं, हे जो कॅन्यन. ‘हे जो… काय? वाक्य पुरं कर की.’ ते नाव एका युरेनियमच्या खाणीचं. खाणीची गंजलेली यंत्रं अजून तिथे पडून आहेत. वडिलांनी त्या लोखंडावर हात फिरवला आणि ‘इतकं भंगार कुणी उचललं कसं नाही’ याचं त्यांना नदीपेक्षा जास्त नवल वाटलं. फोटो त्यानंतरचा.

सप्टेंबर २०२३ मध्ये ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटने, म्हणजे केंद्राच्या जमिनी सांभाळणाऱ्या बीएलएमने, मोॲबजवळच्या लॅबिरिन्थ रिम्स–जेमिनाय ब्रिजेस भागाचा नवा ट्रॅव्हल प्लॅन काढला, म्हणजे कुठल्या वाटेवर गाड्या चालतील ते ठरवलं. सुमारे अकराशे मैल वाटांपैकी ३१७ मैल गाड्यांना बंद. त्यात हे जो गेला. टेन माइल कॅन्यनचा नदीनाल्यातला रस्ता गेला, हेल रोअरिंग गेला. यादी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. मी तेव्हाही म्हणालो होतो, आजही म्हणतो: हे जो बारा महिने सरसकट बंद करणं चूक आहे. त्या काठावर पोचायला माझ्या वडिलांसारख्या माणसाला होडी सोडली तर जीपशिवाय मार्ग नाही. रानमेंढ्यांच्या विणीचे महिने सोडून, रोज मोजक्या गाड्या, परवाना काढून, असं सहज करता आलं असतं. शेजारच्या कॅन्यनलँड्स नॅशनल पार्कात व्हाइट रिमच्या शंभर मैलांच्या रस्त्यावर हेच चालतं: दिवसाला ठरावीक परवाने, संपले की संपले. आपण सगळे तिथे निमूट परवाना काढून जातो.

म्हणजे तुमच्या पत्रातलं दुःख माझंही आहे. पत्र मात्र माझं नाही. का ते सांगतो.

आधी एक गोष्ट, जी फोटोत आलेली नाही. त्याच दिवशी वर पठारावर जेवायला थांबलो होतो. जुनिपरच्या झुडपाखाली ती काळी, फुगीर, बुरशी धरल्यासारखी माती होती. आपण तिला ‘क्रस्ट’ म्हणतो आणि पुढे जातो. वडिलांनी काठीचं टोक तिच्यावर टेकवलं. ‘जमिनीने खपली धरलीय. कुळव फिरवायला पाहिजे.’ त्यांच्या दृष्टीने बरोबरच होतं. आमच्याकडे बाजरी पेरली आणि वर एक जोराची सर आली की माती आवळते, वर पापुद्रा धरतो आणि कोंब खालीच गुदमरतो. मग पहाटे उठून हलका कुळव नाहीतर काटेरी फांदी ओढून ती खपली फोडायची. शेतकऱ्याच्या हाताला ती खाज जन्मजात असते.

मी काठी धरली. सांगितलं की ही खपली जिवंत आहे. तिच्यात सूक्ष्म जीव आहेत, शेवाळ आहे, दगडफूल आहे. त्यांचे धागे वाळूचे कण धरून ठेवतात, म्हणून वारा आला तरी हे रान जागेवर राहतं. एकदा टायर गेला की पुन्हा अशी व्हायला कित्येक दशकं लागतात. वडील काही बोलले नाहीत. पण त्यानंतर गाडीपर्यंत ते चाकाच्या खुणांतूनच चालले, आणि तुमच्यातला एक जण फोटोसाठी आडवा निघाला तेव्हा त्याला ओरडले, ‘ए पोरा, चाकोरीतून चाल!’ तेव्हा सगळे हसले होते, कारण त्या पोराच्या टी-शर्टच्या पाठीवर आपल्या ग्रुपचं घोषवाक्य होतं: ‘चाकोरीबाहेर’.

त्या पाठीकडे बघून वडिलांनी मला हळूच विचारलं होतं, ‘चाकोरी सोडली तर बैल जातील कुठे?’

आता पत्रावर येतो.

पहिली तक्रार साधी आहे. त्यात एकाही रस्त्याचं नाव नाही. दोन पानं आहेत, ‘स्वातंत्र्य’ सहा वेळा आलंय, ‘वॉशिंग्टनचे बाबू’ तीन वेळा, आणि हे जो एकदाही नाही. कुठली वाट का उघडी हवी, तिथे कोण जातं, बंद करण्याची कारणं काय दिली होती आणि त्यातलं कुठलं पटत नाही, याचा पत्ता नाही. बीएलएमने एकेका वाटेचा वेगळा विचार करून निर्णय घेतले आहेत. त्याला उत्तर द्यायचं तर वाट धरूनच द्यावं लागेल. तहसीलदाराकडे जाऊन ‘आमच्यावर अन्याय झाला’ म्हटलं तर तो विचारणारच, गट नंबर कुठला?

दुसरी. पत्रात तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी केली आहे. १९६४ च्या कायद्याखालचं विल्डरनेस, म्हणजे राखीव रान: तिथे मोटारीला कायमची बंदी. तिथे आपलं काहीच चालत नाही आणि ते काँग्रेसच, म्हणजे अमेरिकेची संसदच ठरवते. नॅशनल मॉन्युमेंट, म्हणजे राष्ट्रीय ठेवा म्हणून राखलेली जमीन, वेगळं. ते १९०६ च्या अँटिक्विटीज ॲक्टखाली राष्ट्राध्यक्ष जाहीर करतात, आणि ते झालं म्हणून रस्ता आपोआप बंद होत नाही. आग्नेय युटातल्या बेअर्स इअर्स या मॉन्युमेंटच्या २०१६ च्या घोषणेत ठरवून दिलेल्या रस्त्यांवर गाड्या चालू राहतील असं आहे. आणि ट्रॅव्हल प्लॅन हा तिसराच प्रकार: मोॲबच्या ३१७ मैलांचा बेअर्स इअर्सशी काही संबंध नाही. तो प्लॅन ज्या न्यायालयीन तडजोडीतून आला, त्या २०१७ च्या तडजोडीत पर्यावरणवाल्यांबरोबर ऑफ-रोडवाल्या संघटनाही होत्या. वाटा ठरवताना माती, पाणी, वन्यजीव आणि इतर लोकांना कमीत कमी त्रास होईल असं बघा, हा नियमही कालपरवाचा नाही. तो रिचर्ड निक्सनने १९७२ मध्ये घातला. निक्सनला कुणी झाडावेडा म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तिसरी तक्रार ‘रिकामी जमीन’ या दोन शब्दांवर आहे. हॉपी, नॅवाहो, झुनी आणि यूटांच्या दोन टोळ्या, अशा पाच जमातींनी एकत्र येऊन बेअर्स इअर्स मागितलं होतं. त्यांच्या पूर्वजांची घरं, कोठारं, थडगी त्या कपारींमध्ये आहेत. आपल्या गावच्या म्हसोबाच्या माळाला कुणी रिकामी जमीन म्हटलं असतं तर? जवळच्याच रिकॅप्चर कॅन्यनमध्ये काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. तिथे बेकायदा वाट पाडली गेली, म्हणून २००७ मध्ये गाड्या बंद झाल्या. मे २०१४ मध्ये सॅन हुआन काउंटीचे कमिशनर फिल लायमन यांच्या पुढाकाराने लोकांनी निषेध म्हणून तिथे एटीव्ही (रानात चालवायच्या छोट्या चारचाकी) घातल्या. लायमन यांना दहा दिवसांची कैद झाली, पुढे २०२० च्या डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. तुमच्या पत्रात त्या मिरवणुकीचा ‘प्रेरणादायी’ असा उल्लेख आहे. त्या दिवशी ज्या दरीत गाड्या गेल्या तिथे त्या जमातींच्या पूर्वजांच्या वस्त्या आहेत. कुणाच्या आजोबांच्या थडग्यावरून गाडी नेऊन माझ्या वडिलांच्या नदीसाठी रस्ता मागायचा, हे मला नको.

चौथ्यावर जरा थांबणार आहे, कारण खरा वाद इथे आहे. ‘या वाटा पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत, तो आमचा हक्क आहे.’ युटा सरकारही हेच म्हणतं. १८६६ चा एक जुना कायदा होता, सार्वजनिक जमिनीवरून रस्ता काढायचा हक्क देणारा. १९७६ मध्ये तो रद्द झाला, पण त्याआधी पडलेल्या वाटांचा हक्क शाबूत राहिला. त्याच्या जोरावर युटाने बारा हजारांहून जास्त वाटांवर दावे लावले आहेत. मराठीत याला एक शब्द आहे आणि तो आपल्या हाडात आहे: वहिवाट.

वहिवाटीचं भांडण मला पीडीएफमधून कळायची गरज नाही. आमच्या रानात जायला बैलगाडीची वाट होती. शेजाऱ्याने एका उन्हाळ्यात ती नांगरून टाकली. वडिलांनी मामलेदार कोर्टात अर्ज दिला. (तो कायदाही १९०६ चाच, अँटिक्विटीज ॲक्टचा जुळा भाऊ म्हणा.) तारखा, पंचनामा, गावातल्या म्हाताऱ्यांच्या साक्षी. एक साक्षीदार मधेच वारला. शेवटी वाट मोकळी करून मिळाली. तेव्हा आमच्या घरातल्या पोराला वहिवाटीचं महत्त्व शिकवू नका. हे जोच्या बाबतीत माझा दावा तोच आहे.

पण त्या पंचनाम्यात एक प्रश्न होता तो मला अजून आठवतो. मंडल अधिकाऱ्याने विचारलं, ‘वाट किती फुटांची?’ वडील म्हणाले, एका गाडीची. आठ फूट. शेजारी म्हणाला, यांनी आता बारा केलीय. टेप लावली. साडेनऊ भरली. वडील त्या रात्री जेवले नाहीत. खड्डा चुकवायला गाडी जरा बाजूने, चिखल झाला की अजून बाजूने, असं करत दीड फूट आमच्याकडून गेलं होतं. शेजारी बांध कोरतो म्हणून आम्ही बोंब मारत होतो, आणि आम्हीही कोरत होतो.

आता गेल्या ऑक्टोबरची आपली ट्रिप आठवा. जेमिनाय ब्रिजेसच्या अलीकडच्या त्या फाट्यावर दोन फुटांची पायरी होती. पहिल्या दोन गाड्या चढल्या. तिसऱ्याचा पोटाखालचा डिफरेन्शियल खडकाला टेकला, मग त्याने रिव्हर्स घेऊन डावीकडून, क्रस्टवरून गाडी घातली. त्याच्यामागे आणखी तीन. मी स्पॉटर होतो. मी हात करून थांबवलं नाही, कारण उन्हं उतरत होती आणि सगळ्यांना भूक लागली होती. एप्रिलमध्ये मी एकटा तिथे पुन्हा गेलो. आपल्या चार गाड्यांच्या एका खुणेच्या तीन झाल्या होत्या. टायरच्या नक्षीचे खाच अजून स्पष्ट होते, त्यांच्यातून हिवाळ्यातलं पाणी वाहून घळ पडायला लागली होती. जुनिपरची एक फांदी मोडून सालीवर लोंबत होती. त्या पायरीपाशी वाट एका गाडीची होती. आता पाच गाड्या शेजारी शेजारी जातील.

हे युट्यूबवाल्या पोरांनी केलेलं नाही. आपण केलं, चाळिशीच्या, मुलाबाळांच्या माणसांनी. आणि बीएलएमचा माणूस नकाशा घेऊन बसतो तेव्हा त्याच्यापुढे हाच फोटो असतो, माझ्या वडिलांचा नसतो.

या धुळीचं पुढे काय होतं तेही सांगतो, कारण आपल्यातले बरेच जण स्कीइंगला जातात. कोलोरॅडो पठारावरची मोकळी झालेली माती वसंतातल्या वाऱ्याने उडते आणि सॅन हुआन डोंगरांच्या बर्फावर जाऊन बसते. काळं बर्फ ऊन जास्त शोषतं. काही वर्षी त्यामुळे बर्फ तीन ते पाच आठवडे लवकर वितळल्याचं शास्त्रज्ञांनी मोजलं आहे. ते पाणी कोलोरॅडो नदीचं, ज्यावर चार कोटी लोक अवलंबून आहेत. सगळी धूळ जीपची नाही, गुरंही आहेत, तेल-वायूच्या विहिरींचे रस्ते आहेत, दुष्काळ आहे. आपला वाटा थोडा असेल. पण ‘आमच्याने काही बिघडत नाही’ हे जे तुमच्या पत्रात ठळक अक्षरांत आहे, ते खरं नाही.

पाचवी तक्रार शेवटच्या वाक्यावर, आणि हे वाक्य कुणी घातलं असेल त्याने जीप विकून टाकावी इतकं ते आपल्याच मुळावर येणारं आहे: ‘या जमिनी राज्याच्या ताब्यात द्याव्यात.’

युटात एकट्या बीएलएमकडे सव्वादोन कोटी एकरांहून जास्त जमीन आहे. आपण जिथे शुक्रवारी रात्री जाऊन फुकट तंबू ठोकतो, जिथे कुणी ‘कोण तुम्ही?’ विचारत नाही, ती हीच. युटाने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यातली १ कोटी ८५ लाख एकर मागायला थेट सुप्रीम कोर्टात धाव घेतली. जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने ऐकून घ्यायलाच नकार दिला. मग हा जूनचा प्रकार: युटाचेच सिनेटर माइक ली यांनी अर्थसंकल्पाच्या विधेयकात पश्चिमेकडच्या अकरा राज्यांतली वीस-तीस लाख एकर केंद्रीय जमीन विकायची तरतूद घुसवली. शिकारी, मासेमारी करणारे, डोंगरवाले, डावे-उजवे सगळे तुटून पडले आणि २८ जूनला त्यांना ती मागे घ्यावी लागली. तुमचं पत्र त्यांनाच पाठवलंय, तेही त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत!

राज्याच्या ताब्यात गेलेल्या जमिनीचं काय होतं याचा अंदाज बांधायची गरज नाही. युटा राज्य झालं तेव्हा शाळांसाठी म्हणून त्याला लाखो एकर मिळाली होती. त्यातली निम्म्याहून जास्त आज राज्याकडे नाही. त्या जमिनीचं काम शाळांसाठी पैसा उभा करणं हेच आहे, तो कायद्याने ठरलेला हेतू आहे. त्यात मी कुणाला दोष देत नाही. पण विकली की तार येते, तारेवर पाटी येते, आणि त्या पाटीच्या विरोधात हरकती मागवायला कुणी बसलेलं नसतं. बीएलएमने वाट बंद केली तर आपण हरकत घेऊ शकतो, अपील करू शकतो, कोर्टात जाऊ शकतो. ऑफ-रोड संघटना गेल्याही आहेत. आपल्या गावांकडे गायरानाचं काय झालं ते आठवा. गायरान होतं तेव्हा ‘सरकारी आहे, कुणाचंच नाही’ म्हणत आपण त्यावर थुंकायचो. गेलं तेव्हा कळलं की ते सगळ्यांचं होतं.

आणि एक बारीकशी गोष्ट. आपण ज्यांना ‘वाडवडिलांच्या वाटा’ म्हणतो, त्यातल्या कित्येक १९५० च्या दशकात युरेनियमसाठी पाडल्या गेल्या. व्हाइट रिमचा रस्ता तर केंद्राच्या अणुऊर्जा आयोगानेच करून घेतला. वॉशिंग्टनच्या बाबूंच्या पैशातला रस्ता!

आता मागण्या.

माझ्या वडिलांचा फोटो आज काढा. जिथे जिथे ती पीडीएफ गेली तिथे कळवा की फोटो विनापरवानगी वापरला होता. यावर चर्चा नाही.

‘सर्व सभासदांच्या वतीने’ ही ओळ काढा. ज्यांची सही आहे त्यांची नावं घाला. मी मोजलं, अठ्ठावीस सभासदांपैकी मला निदान नऊ जण माहीत आहेत ज्यांनी ते पत्र उघडूनही पाहिलेलं नाही.

जमीन राज्याला द्या, हे वाक्य मागे घ्या. रिकॅप्चरचा परिच्छेदही. तसं दोघा सिनेटरांना आणि खासदारांना लेखी कळवा.

नवं पत्र लिहू. ते बीएलएमच्या मोॲब कार्यालयाला, आणि प्रत खासदारांना. त्यात फक्त वाटा असतील, नावानिशी. हे जोसाठी मी मसुदा तयार ठेवला आहे: विणीच्या काळात बंद, एरवी दिवसाला ठरावीक परवाने, नदीकाठी मुक्काम नाही, शौचाच्या पिशव्या सक्तीच्या, आणि चालायला त्रास असणाऱ्यांना परवान्यात प्राधान्य. टेन माइलसाठी मी काही मागणार नाही. ती वाट पाण्यातूनच जाते, पुन्हा पुन्हा. तिथे आपण हरलो ते योग्य कारणाने हरलो. तुमचं मत वेगळं असेल तर मांडा, पण आधी तिथली पाण्याची ठिकाणं मोजून या.

आणि ऑक्टोबरच्या ट्रिपचा एक अख्खा दिवस त्या पायरीला द्यायचा. बीएलएमला आधी विचारून, ते सांगतील तसे दगड आणि सुकी लाकडं टाकून डावीकडचा बायपास बुजवायचा. ज्याची गाडी ती पायरी चढत नाही त्याने मागे फिरायचं, नाहीतर विंच लावायचा. यापुढे जो चाकोरी सोडेल त्याला पुढच्या ट्रिपला बोलवायचं नाही, आणि हा नियम माझ्यापासून लागू. टी-शर्ट बदला असं म्हणत नाही. कापड चांगलं आहे.

१५ ऑगस्टपर्यंत उत्तराची वाट बघेन. तोवर काही झालं नाही तर मी माझ्या एकट्याच्या नावाने त्याच तिघांना लिहीन की त्या पत्रावरचा म्हातारा माझा बाप आहे आणि त्याचं म्हणणं त्या पत्रात आलेलं नाही. काल फोनवर मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘ती नदी माझी कधी झाली? मी एकदाच तर गेलो होतो.’ मग विचारलं, ते भंगार अजून तिथेच आहे का.

तुमचाच,
निळी जीपवाला

ता. क. ऑक्टोबरला कॉम्प्रेसर मीच आणतो. गेल्या वेळी त्याचा होज ग्रीन रिव्हर गावातल्या पेट्रोल पंपावर कुणी विसरलं ते मला माहीत आहे. येताना नवा घेऊन यावा.